पिशवीतल्या चहाची पारख

सुटा चहा घेणाऱ्याला निदान चिमूटभर पूड तळहातावर पसरून पाहता येते. कागदी पिशवीत बंद झालेला चहा ही सोय हिरावून घेतो. कण दिसत नाहीत, गंध वेष्टनात अडकलेला असतो आणि खोक्यावर मात्र हिरवेगार मळे डोलत असतात. अशा चहाची परीक्षा पेल्यातच, आणि तीही प्रथम दूध-साखरेविना, म्हणजे कोऱ्या चहावर करावी लागते.

या पिशव्यांत बहुधा ‘फॅनिंग्ज’ व ‘डस्ट’ या बारीक प्रती भरल्या जातात. डस्ट म्हणजे कारखान्यातील केरकचरा, हा समज चुकीचा आहे. चाळणीने वेगळी केलेली ती सर्वांत बारीक कणांची प्रत होय. कण लहान असल्याने अर्क झटपट उतरतो, हाच पिशवीसाठी तिचा गुण. मात्र त्याच कारणाने तिचा सुगंधही लवकर उडतो. म्हणून प्रत्येक पिशवीला स्वतंत्र वेष्टन असणे ही केवळ शोभा नव्हे.

चहापरीक्षकांच्या पद्धतीला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप १९८० साली मिळाले. ‘आयएसओ ३१०३’ या मानकानुसार दर १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम चहा घेऊन, त्यावर नुकतेच उकळलेले पाणी ओतून, झाकण ठेवून सहा मिनिटे थांबायचे असते. भांडी पांढऱ्या चिनी मातीची हवीत. याच पद्धतीच्या सहा पानी ब्रिटिश मानकाला १९९९ मध्ये साहित्याचे ‘इग नोबेल’ हे थट्टेचे पारितोषिक मिळाले. थट्टा रास्तच, पण मानकाचा हेतू रुचकर चहा करणे हा नसून दोन चहांची तुलना समान अटींवर व्हावी, हा आहे. सहा मिनिटांत चहाचे दोष लपत नाहीत.

घरी हे सहज साधते, कारण पुष्कळ पिशव्यांत सुमारे दोन ग्रॅमच चहा असतो. एकाच खोक्यातील दोन पिशव्या घ्याव्यात. एक तशीच भिजवावी, दुसरी फाडून पूड मोकळी सोडावी. दोन्ही पेल्यांत फार अंतर पडले, तर पिशवी लहान आहे किंवा तिचा कागद पाण्याला अडवतो आहे, असे समजावे.

परीक्षक चोथाही पाहतात. चोथा तांब्यासारखा तांबूस व तजेलदार असेल तर पानांवरील प्रक्रिया नीट झाली. हिरवट किंवा काळपट असेल तर कोठेतरी बिघडले. मग चहाचा मोठा भुरका मारून तो जिभेवर सर्वत्र फिरवायचा आणि पिकदाणीत टाकायचा. भुरक्याने हवा मिसळते व गंध नाकाच्या मागील बाजूपर्यंत पोहोचतो. शिष्टाचाराला येथे रजा द्यावी.

गडद रंग म्हणजे उत्तम चहा, ही सर्वांत मोठी फसगत. पेयाची चमक आणि तोंडाला तरतरी आणणारा तुरटपणा मुख्यतः थिआफ्लेविन या घटकांमुळे येतो. गडदपणा व भरीवपणा थिआरुबिजिनमुळे. चहा जुना झाला की थिआफ्लेविन घटतात. रंग राहतो, पण चव निर्जीव होते. उलट चांगला कडक चहा निवताना गढुळतो. थिआफ्लेविन व कॅफीन यांच्या संयोगाने येणारा हा गढूळपणा दोष नसून लक्षण मानले जाते.

शेवटी दूध. आसामी चहात दूध घातल्यावर रंग सोनेरी-तांबूस उमटला पाहिजे. राखाडी छटा आली किंवा चव फुळकवणी झाली, तर दूध घेऊन पिणाऱ्यांसाठी तो चहा व्यर्थ. दार्जिलिंगला मात्र ही कसोटी लावणे अन्याय्य ठरेल.

कृत्रिम रंगाची शंका आल्यास पिशवीतील पूड पांढऱ्या गाळणकागदावर पसरून पाणी शिंपडावे. लगेच गडद डाग उमटले तर भेसळीचा संशय बळावतो. पिशवीचा पदार्थही पाहावा. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये नायलॉन व पीईटीच्या पिशव्यांतून गरम पाण्यात अब्जावधी सूक्ष्म प्लॅस्टिककण सुटत असल्याचे नोंदवले. त्या आकड्यांवर पुढे आक्षेप घेतले गेले. तरी कागदी पिशव्यांच्या कडा चिकटवण्यासाठीही अनेकदा प्लॅस्टिकचे धागे वापरले जातात, हे खोक्यावर क्वचितच लिहिलेले आढळते.