काचेवरची काजळी

श्रोतेहो, ज्यांच्या घरीं पूर्वीं व्हाल्व्हचा रेडिओ होता, त्यांस एक गोष्ट निश्चित आठवत असेल. कळ फिरविली म्हणजे आवाज लगेच येत नसे. प्रथम तबकडीमागचा दिवा लागे, मग पेटीच्या पाठीमागील भोंकांतून आंतल्या काचेच्या नळ्या मंद तांबूस होतांना दिसत, आणि अर्धें-पाऊण मिनिट वाट पाहिल्यावर, कोणी लांबून चालत यावें तसा, निवेदकाचा शब्द हळूहळू जवळ येई. या वाट पाहण्याचें कारण असें कीं, व्हाल्व्हमधील तार तापल्याखेरीज तिच्यांतून विजेचे कण बाहेर पडत नाहींत. हें साधें तत्त्व मनुष्याच्या प्रथम दृष्टीस पडलें, तेव्हांपासून तें त्याच्या कामीं येईपर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या दीर्घ प्रतीक्षेची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

तिचा आरंभ होतो एका काजळीपासून. इ. स. १८८० च्या सुमारास अमेरिकेंतील मेन्लो पार्क येथें टॉमस एडिसन हा विजेच्या दिव्यांत सुधारणा करण्याच्या खटपटींत होता. दिव्यांतील कार्बनचा तंतु कांहीं काळ जळला कीं काच आंतून काळवंडे व प्रकाश मंद होई. बारकाईनें पाहतां त्या काळ्या पुटांत एक स्वच्छ रेघ दिसे. तंतूच्या एका पायाची जणूं सांवलीच काचेवर पडली होती. एडिसननें दिव्यांत धातूची एक निराळी पट्टी बसवून पाहिली. ती तंतूच्या धन टोकाशीं जोडली तर मधल्या रिकाम्या जागेंतून प्रवाह वाहे. ऋण टोकाशीं जोडली तर वाहत नसे. १८८३ मध्यें त्यानें या रचनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला, तोही विजेचा दाब दाखविणारें साधन म्हणून, आणि पुढें तो विषय सोडून दिला. एडिसनच्या चिकाटीच्या गोष्टी आपण शाळेपासून ऐकत आलों आहों. त्या खोट्या नाहींत. परंतु त्याला दिवा हवा होता, व काळी काच ही त्या मार्गांतील अडचण होती. अडचण दूर करणें हें त्याचें काम; ती अडचण काय सांगत आहे हें ऐकत बसणें त्याच्या कामांत बसत नव्हतें.

तें ऐकणारा मनुष्य इंग्लंडांत होता. जॉन अँब्रोज फ्लेमिंग याचा जन्म १८४९ चा. घरची स्थिति बेताची असल्यामुळें दिवसा नोकरी व रात्रीं अभ्यास अशा रीतीनें त्यानें १८७० मध्यें पदवी मिळविली, आणि पुढें पैसे सांठवून केंब्रिज येथें मॅक्सवेलसारख्या गुरूच्या हाताखालीं शिक्षण घेतलें. १८८२ पासून तो एडिसनच्या लंडन येथील कंपनीचा सल्लागार होता. तीच काजळी आणि तीच रेघ त्याच्याही दृष्टीस पडली. त्यानें निरनिराळे दिवे मुद्दाम करवून घेतले, प्रयोग केले, १८९० व १८९६ मध्यें विद्वत्सभांपुढें निबंध वाचले. त्यांचा व्यावहारिक उपयोग कोणासही सुचला नाहीं; फ्लेमिंगलाही नाहीं. दिवे कपाटांत जाऊन पडले.

इकडे काळ पालटत होता. १८९७ मध्यें जे. जे. टॉमसन यानें इलेक्ट्रॉनचें अस्तित्व सिद्ध केलें, आणि पोकळींतून पलीकडे जाणारें तें ‘कांहीं तरी’ म्हणजे ऋण विजेचे कण होत, हें उमगलें. तापलेला तंतु ते कण बाहेर टाकतो, धन पट्टी ते ओढून घेते; थंड पट्टींतून मात्र उलट दिशेनें कांहींच निघत नाहीं. १८९९ मध्यें फ्लेमिंग मार्कोनीच्या कंपनीचा सल्लागार झाला, आणि १२ डिसेंबर १९०१ रोजीं अटलांटिक महासागर ओलांडणारा संदेश ज्या यंत्रानें धाडला, त्याची आंखणी त्यानेंच केली होती.

पाठविणें साधलें, पण पकडणें कठीण होतें. बिनतारी लहरींनीं उत्पन्न होणारा प्रवाह सेकंदास लाखों वेळां मागें-पुढें होतो. मोजयंत्राच्या कांट्यास दोहों बाजूंनीं सारखाच धक्का बसून तो जागच्या जागीं राहतो. त्या काळीं धातूच्या किसानें भरलेली एक नळी वापरीत. संदेश आला कीं ती ठोकून पूर्ववत् करावी लागे, आणि तिचा भरंवसा नसे. कलकत्त्यास आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं गॅलिना या खनिजाचा ग्राहक शोधून काढला होता व १९०४ च्या मार्चमध्यें त्यास अमेरिकेचें पेटंटही मिळालें होतें. परंतु शोधांतून द्रव्य जोडण्याकडे त्यांची प्रवृत्ति नव्हती. फ्लेमिंगची आणखी एक वैयक्तिक अडचण होती. त्याला कानांनीं कमी ऐकूं येई. श्रवणयंत्रांतील बारीक टकटकीवर विसंबणें त्यास अवघड होतें. त्याला डोळ्यांनीं दिसेल असें साधन हवें होतें.

१९०४ च्या ऑक्टोबरांत याच विवंचनेंत असतां त्याला कपाटांतील जुने दिवे आठवले. जो दिवा प्रवाहास एकाच दिशेनें जाऊं देतो, तो या मागें-पुढें होणाऱ्या प्रवाहाचा अर्धा भाग अडवून धरील, व उरलेल्या अर्ध्यानें कांटा हलेल! दिवा जोडला, कांटा हलला. पंपाची झडप पाण्याला वर येऊं देते, परत जाऊं देत नाहीं. तसेंच हें, म्हणून त्यानें त्यास ‘व्हाल्व्ह’ असें नांव दिलें. १६ नोव्हेंबर १९०४ रोजीं त्यानें पेटंटाचा अर्ज केला. लोक म्हणतील, एका क्षणांत सुचलें. पण क्षण आला तेव्हां कपाटांत दिवे होते, हें विसरतां कामा नये.

तथापि या झडपेंत एक उणीव होती. ती संदेश ओळखी, वाढवीत नसे. ती उणीव दूर करणारा ली द फॉरेस्ट हा अगदीं निराळ्या वळणाचा मनुष्य. १९०० मध्यें शिकागो येथें त्याला दिसलें कीं, आपल्या यंत्राची ठिणगी उडाली कीं खोलींतील गॅसबत्तीची ज्योत मंदावते. लहरींचा परिणाम तापलेल्या वायूवर होतो, असें त्यानें अनुमान काढलें. पुढें कळलें कीं, ज्योत लहरींनीं नव्हे तर ठिणगीच्या आवाजानें कांपत होती. दुसरा कोणी असता तर तेथेंच थांबता. हा थांबला नाहीं. खोट्या खुणेचा माग काढीत तो सहा वर्षें चालला, आणि १९०६ मध्यें त्यानें तंतु व पट्टी यांच्यामध्यें वांकड्या तारेची एक लहानशी जाळी बसविली. पाटाच्या दारावर बसलेला मनुष्य एका हातानें फळी वर-खालीं करतो आणि सबंध पाटाचें पाणी कमीजास्त होतें; त्याचप्रमाणें जाळीवरील अत्यल्प विजेनें मोठा प्रवाह ताब्यांत ठेवतां येऊं लागला. हाच त्याचा ‘ऑडिऑन’. १९०८ च्या फेब्रुवारींत त्याचें पेटंट मिळालें.

नवल असें कीं, आपण काय केलें आहे हें स्वतः द फॉरेस्टला नीट कळलें नव्हतें. नळींत थोडा वायु हवाच, त्यावांचून ती चालणार नाहीं, असा त्याचा आग्रह होता. प्रत्यक्षांत त्याच वायूमुळें ऑडिऑन लहरी बनला होता. दाब वाढवितांच आंत निळसर धुकें पसरे व काम बिघडे. त्याच्या कंपन्या बुडाल्या. १९१३ मध्यें लोकांची फसवणूक केल्याच्या आरोपावरून त्याच्यावर न्यूयॉर्क येथें खटलाही चालला, आणि सरकारी वकिलानें ऑडिऑन ही कवडीमोलाची वस्तु ठरविली. दोघां भागीदारांस शिक्षा झाली. द फॉरेस्ट निर्दोष सुटला.

त्याच ‘कवडीमोल’ वस्तूचे टेलिफोनपुरते हक्क एका बड्या टेलिफोन कंपनीनें त्याच वर्षीं ५०,००० डॉलरांस विकत घेतले होते. आदल्या वर्षीं हॅरल्ड आर्नोल्ड या तरुण शास्त्रज्ञानें तो निळा प्रकाश पाहिला व रोग ओळखला: वायु हा नळीचा प्राण नसून तिचा शत्रु आहे. त्यानें उत्तम पंप लावून नळी जवळजवळ पूर्ण निर्वात केली. दुसऱ्या एका कंपनींत अर्व्हिंग लँगम्यूर हाही स्वतंत्रपणें त्याच निष्कर्षास पोंचला. २५ जानेवारी १९१५ रोजीं न्यूयॉर्कहून सान फ्रान्सिस्कोपर्यंत, सुमारें ३,४०० मैलांवर, मनुष्याचा शब्द तारेनें गेला. एका टोकाला टेलिफोनचा जनक ग्रॅहम बेल, दुसऱ्या टोकाला त्याचा जुना साहाय्यक वॉटसन. १८७६ मध्यें शेजारच्या खोलींतून ज्या शब्दांनीं बेलनें त्यास बोलाविलें होतें, तेच शब्द त्यानें पुन्हां उच्चारले. त्यावर वॉटसन हंसून म्हणाला, आतां यावयास आठवडा लागेल. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील आर्लिंग्टन येथून बोललेले शब्द बिनतारी मार्गानें पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर व होनोलुलु येथें ऐकूं आले. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईच्या प्रक्षेपण-केंद्राचें उद्‌घाटन झालें, तें याच नळ्यांच्या बळावर.

आणि या काळांत मूळ पुरुष काय करीत होते? ते न्यायालयांत भांडत होते. १९१६ मध्यें अमेरिकेंतील एका निकालाचा परिणाम असा झाला कीं, फ्लेमिंगच्या पेटंटावांचून द फॉरेस्टला, आणि द फॉरेस्टच्या पेटंटावांचून फ्लेमिंगच्या बाजूस, ती तीन अंगांची नळी करून विकतां येईना. दोघांच्या हातीं कुलुपाचा अर्धा-अर्धा भाग होता आणि कोणीही आपला अर्धा भाग सोडावयास तयार नव्हता.

श्रोतेहो, यशाच्या मागें चिकाटी असते, हें आपण मुलांना सांगतों आणि तें खरेंच आहे. परंतु चिकाटी आणि हट्ट या एकाच घरांत वाढलेल्या बहिणी आहेत. दुरून त्या ओळखूं येत नाहींत. द फॉरेस्ट ज्योतीच्या खोट्या खुणेमागें गेला, ती चिकाटी, कारण तो प्रयोग करीत राहिला. वायूचा आग्रह धरून बसला, तो हट्ट, कारण प्रयोग काय सांगत आहे तें त्यानें ऐकलें नाहीं. फ्लेमिंगनें निरुपयोगी दिवे जपून ठेवले, ती चिकाटी. जाळीचें श्रेय दुसऱ्यास देण्यास तो अखेरपर्यंत मनापासून राजी झाला नाहीं, तो हट्ट. १९४५ मध्यें वयाच्या ९५ व्या वर्षीं तो वारला.

दोनच वर्षांनीं, डिसेंबर १९४७ मध्यें, बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला. त्या प्रयोगशाळेचा पहिला संशोधन-प्रमुख तोच आर्नोल्ड; तो १९३३ मध्येंच वारला होता. तापावें लागणाऱ्या, वीज खाणाऱ्या व जळून जाणाऱ्या नळीच्या जागीं कांहीं तरी थंड व टिकाऊ हवें, हा ध्यास तेथल्या मंडळींनीं घेतला होता. आज कळ दाबतांच आवाज येतो; वाट पाहावी लागत नाहीं. पण क्ष-किरणांच्या यंत्रांत आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टींत तापलेल्या तारेची निर्वात नळी अद्यापि काम करीत आहे.

पुढें कधीं आपल्या कामांत एखादी काजळी दिसली, तर ती पुसण्यापूर्वीं क्षणभर तिच्याकडे पाहावें. तिच्यांत एखादी स्वच्छ रेघ असेल. तिचा अर्थ आज लागला नाहीं, तरी तो दिवा कपाटांत ठेवावा. फेंकून देऊं नये.