मूठभर जवळा, चार ताटं

आमच्या करंजाड्यात खोली भाड्याने घेऊन राहणारी कॉलेजची मुलं-मुली आता पुष्कळ आहेत. महिनाअखेरीला त्यांचं जेवण वडापाव आणि पाकिटातल्या नूडल्सवर येतं. ताजी मासळी खिशाला परवडत नाही. त्यांच्यासाठी स्वस्त आणि पौष्टिक कालवण आपल्या आज्यांच्या आगोटीत आहे. त्याचाच इतिहास आज सांगणार आहोत.

आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. पावसात दर्या खवळतो, होड्या किनाऱ्याला लागतात. आजही जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. म्हणून कोळणी उन्हाळ्यातच जवळा खळ्यावर आणि बोंबील काठ्यांवर वाळवून ठेवत. मीठही इथलंच. खाडीचं पाणी अडवून ते जिथे पिकवायचं ते आगर. आगरी हे नाव त्याच्याशीच जोडलेलं. तांदूळ शेतातला, आंबटाला कोकम. घरची बाई चार महिन्यांचं कालवण असं आधीच बांधून ठेवायची. बचत गट हा शब्द येण्याआधीची ही बचत.

लाल कालवण मात्र आपल्याला वाटतं तेवढं जुनं नाही. मिरची मूळची अमेरिका खंडातली. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. त्याआधी तिखटाला मिरी होती. बटाटा आणि टोमॅटोही बाहेरूनच आले. आपल्या बायकांनी जे मिळालं ते घातलं आणि कालवण वाढवलं.

या हातच्या चवीला पैशाचं मोल आलं ते मुंबईच्या गिरणगावात. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीने राहत आणि खानावळीत जेवत. खानावळ चालवणाऱ्या बाया वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात अडकलेल्या असत. 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बचत गटांना बँकेशी जोडण्याचा नाबार्डचा कार्यक्रम 1992 साली सुरू झाला. त्याच्या सतरा वर्षं आधीची ही गोष्ट. पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. गिरण्याच थांबल्या, तेव्हा खानावळींचाही आधार गेला.

आपल्या भागाची गोष्ट वेगळी. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. शेतं गेली, खाड्यांवर भराव पडले. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. भूखंडांवर इमारती उठल्या, इमारतींत भाडेकरू आले. गिरणगावातला कामगार जसा घरच्या जेवणाला आसुसलेला होता, तशीच आज ही मुलं आहेत. शेत आणि खाडी गेली, पण कालवण करणारे हात अजून आपल्याकडे आहेत.

आता कृती. चौघांसाठी दोन मुठी सुका जवळा घ्या. कचरा निवडा, कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजा, मग दोन-तीन पाण्यांत धुवा म्हणजे रेती निघेल. दोन चमचे तेलात सात-आठ लसूण पाकळ्या ठेचून घाला. दोन कांदे लालसर परता. हळद, दोन चमचे घरचा मसाला आणि एका बटाट्याच्या किंवा वांग्याच्या फोडी टाका. दोन-तीन पेले गरम पाणी घालून फोडी शिजू द्या. मग जवळा आणि चार कोकमं घालून पाच-सात मिनिटं उकळा. मीठ शेवटी, चव बघूनच. खोबरं असेल तर घाला, नसेल तर अडत नाही. सोबत भात किंवा तांदळाची भाकरी.

जवळा सालासकट खाल्ला जातो, म्हणून त्यातून प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळतं. खारवलेली सुकी मासळी रक्तदाबाच्या माणसाने बेताने खावी. कोलंबी-चिंबोरीने अंगावर पित्त उठणाऱ्यांनी जवळाही टाळावा.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एक विषय जरूर घ्या: आपल्या गावात डबा लागणारी मुलं किती आहेत? एका डब्याला खर्च किती येतो, ते वहीत मांडा. त्यात आपली मजुरी धरायला विसरू नका. डबा विकायचा ठरला, तर अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करून घ्या. आणि ज्या मुलाला डबा परवडत नाही, त्याला हे कालवण शिकवा.