काबाड, भांगार आणि रद्दी

इंग्लंडात ‘हाउस क्लिअरन्स’ हा रीतसर धंदा आहे. माणूस वारला किंवा वृद्धाश्रमात गेला की अशा व्यवसायातली मंडळी येतात, घर झाडून रिकामे करतात, विकण्यासारखे विकतात आणि उरलेले मोडीत काढतात. हा शब्द मराठीत आणायचा तर अडचण होते. आपल्याकडे घर एका दिवसात रिकामे होत नाही, आणि ते रिकामे करणारे हातही एकाचे नसतात. कपडे बोहारणीकडे, कागद रद्दीवाल्याकडे, लोखंड भंगारवाल्याकडे जाते. दिल्लीत यातल्या बहुतेकांना एकच नाव आहे : कबाडी.

हिंदीतला कबाडी मराठीत आणताना आपण ‘भंगारवाला’ लिहून मोकळे होतो. पण हा शब्द मराठीला परका नाही. जुन्या मराठीत कबाड म्हणजे बैलावर लादलेला गवताचा किंवा लाकडांचा भार, आणि असा भार वाहून पोट भरणारा तो कबाडी. ‘काबाडकष्ट’ या शब्दात तो अजून जिवंत आहे. म्हणजे हिंदीत कबाड हे टाकून दिलेल्या वस्तूचे नाव झाले आणि मराठीत ते वाहणाऱ्याच्या श्रमाचे राहिले. भंगाराची गोष्ट याहून गमतीची. कोकणीत भांगर म्हणजे सोने, जुन्या मराठीतही भांगार म्हणजे सोनेच, आणि कन्नडमध्ये बंगार. आजच्या मराठीतल्या भंगाराशी त्याचे नाते आहे की उच्चार नुसते जवळ आले आहेत, हा वाद भाषाशास्त्रज्ञांवर सोडू. दोन्ही शब्द एकाच कानाला ऐकू येतात, एवढे मात्र खरे.

उरला तिसरा शब्द, रद्दी. मूळ अरबी ‘रद्द’, म्हणजे नाकारलेले, परत फिरवलेले. मराठी इतिहासलेखनाचा मोठा भाग या नाकारलेल्या कागदांतूनच उभा राहिला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरचे आणि पेट्यांतले दप्तर त्यांनी बाहेर काढले, आणि 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापला. त्यात 1750 ते 1761 या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे आहेत. असे बावीस खंड झाले. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले आणि राजवाड्यांच्या मृत्यूनंतर धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ. ज्या घरात मोडी वाचणारे कुणी उरले नव्हते, त्या घराला ते कागद म्हणजे वाळवीचे खाद्य. वाचणारा माणूस दारात आला म्हणून ते साधन ठरले.

कागदांसाठी राजवाड्यांनी केले ते वस्तूंसाठी दिनकर गंगाधर केळकरांनी केले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारा हा माणूस 1920च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करू लागला. दिवे, अडकित्ते, फण्या, दौती, कोरीव दारे, असे वाड्यांतून निघणारे सामान त्यांनी जमवले आणि संग्रहाला अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. 1975 साली तो सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. वीस हजारांवर वस्तू. राजेरजवाड्यांच्या चीजा त्यात आहेत, पण संग्रहालयाचा जीव स्वयंपाकघरातल्या आणि माजघरातल्या सामानात आहे. घर मोडताना मोडीत निघते ते नेमके हेच.

आता दिल्लीकडे येऊ. कस्तुरबा गांधी मार्गाचे आधीचे नाव कर्झन रोड. व्हाइसरॉय कर्झनच्या कारकिर्दीत, 1904 साली, प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्याच्या नावाच्या रस्त्यावरचे बंगले मात्र पुढे एकामागून एक गेले आणि तिथे उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या. आज त्याच रस्त्यावर मॅक्समुल्लर भवन आहे, ब्रिटिश कौन्सिल आहे, आणि 2013 साली उघडलेले नवे महाराष्ट्र सदनही आहे. स्मारकाला कायदा आहे, घराला नाही. घरातल्या सामानाला थोडासा आहे. 1972च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. वैज्ञानिक, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षे पुरतात. म्हणजे आजोबांच्या हातची रोजनिशी या वयाला पोचली असेल. कबाडी काटा लावतो तेव्हा हे कुणाच्या मनात नसते.

आपल्या बोहारणीची दिल्लीतली बहीणही पाहण्यासारखी आहे. गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या बाया स्टीलची भांडी डोक्यावर घेऊन वसाहतींतून फिरतात, भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेतात आणि पश्चिम दिल्लीतल्या रघुबीर नगरच्या बाजारात पहाटे विकतात. धड कपडा दुरुस्त होऊन पुन्हा अंगावर चढतो, जरीची साडी उशीचा अभ्रा होते, फाटक्याची चिंधी यंत्रे पुसायला जाते. आणखी उत्तरेला पानिपत. मराठी माणसाला या गावाचे नाव एकाच अर्थाने ठाऊक आहे. आज मात्र ते जगातल्या जुन्या लोकरी कपड्यांचे गाव आहे. परदेशातून आलेल्या चिंध्या तिथे रंगांनुसार निवडतात, पिंजतात आणि त्यांचे सूत कातून स्वस्त घोंगड्या विणतात. ही युक्ती मूळची यॉर्कशायरातल्या बॅटली गावची, 1813ची. पुन्हा वापरता येणारे कपडे आयात होऊ नयेत म्हणून बंदरावरच ते फाडून घेण्याचा नियम आहे. आपल्या पराभवाच्या गावात ही ऊब तयार होते.

शाश्वत विकास, पुनर्वापर हे शब्द आपल्या सरकारी कागदांत आले, त्याच्या कितीतरी आधीपासून हे काम चालू होते. ते करणाऱ्यांना मात्र नाव नव्हते. 1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीचा अनुभव तिच्या पाठीशी होता. कचरा वेचणाऱ्या बाया, भंगार गोळा करणारे फेरीवाले यांनी ‘आम्ही कामगार आहोत’ एवढेच म्हटले आणि ओळखपत्र मागितले. त्यातून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली आणि 2008पासून पुणे महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. 2016च्या देशव्यापी घनकचरा नियमांत कचरावेचकांची व्याख्या आली. पंचायतीच्या नावातच ‘कष्टकरी’ आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. काबाड या शब्दाचा मराठी अर्थ तिथे परत आला.

तरी एक प्रश्न उरतो, आणि तो आम्हा दिल्लीकर मराठी मंडळींचा आहे. पहाडगंजात नूतन मराठी शाळा काढणारी, नोकरीनिमित्त इथे येऊन स्थिरावलेली पिढी आता संपत आली. तिची घरे रिकामी होत आहेत. इंग्रजी पुस्तक असेल तर कबाडी ते वेगळे काढतो, कारण दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तकबाजारात त्याला गिऱ्हाईक असते. 2019 साली पदपथावरून हटवला तरी तो बाजार महिला हाटात भरतोच. मराठी पुस्तकाची कुणाला पारख नसते. दिवाळी अंक, जमाखर्चाच्या वह्या, चाळीस वर्षांची पत्रे, सगळे एकाच तागडीत पडते आणि लगद्याला जाते. यात कबाड्याचा दोष नाही. जी लिपी त्याला वाचता येते पण जी भाषा कळत नाही, तिची किंमत तो वजनाने करणार. भाषा येणारे घरातलेच असतात, आणि त्यांना घाई असते.

म्हणून काटा लागण्याआधी एक दिवस काढावा. छापील एकीकडे, हाताने लिहिलेले एकीकडे. पत्रांचे गठ्ठे सोडू नयेत, फोटोंच्या मागे नावे लिहावीत, वही कुणाची आणि कुठल्या सालची हे चिठ्ठीवर टिपून ठेवावे. पुण्याच्या किंवा धुळ्याच्या संस्थेला पत्र टाकून विचारावे. उरलेले खुशाल कबाड्याला द्यावे, आणि त्याला भाव सांगताना घासाघीस जरा कमी करावी. पुढचा भार त्यालाच वाहायचा आहे.