मोबाइलवर चालणारी वेबसाइट: संस्थेनं ॲप काढावं, वेगळी साइट करावी की आहे तीच सुधारावी?

वर्धा जिल्ह्यात ८ तालुके आहेत. आष्टी किंवा कारंजा (घाडगे) भागातल्या माणसाला वर्ध्याच्या एखाद्या कार्यालयात किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात यायचं असेल, तर निघण्याआधी तो फोनवरच बघतो. आज चालू आहे का? कोणते कागद लागतील? साइट उघडलीच नाही किंवा अक्षरं मुंगीएवढी दिसली, तर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही वाया जाऊ शकतात.

त्यामुळे शाळा, ट्रस्ट, पतसंस्था किंवा बाजार समिती यांच्यासाठी हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही.

पर्याय कोणते?

सर्वात रुळलेला पर्याय म्हणजे रिस्पॉन्सिव्ह डिझाइन. हा शब्द अमेरिकन डिझायनर इथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये रूढ केला. साइट एकच, पत्ताही एकच. स्क्रीन किती रुंद आहे ते पाहून मांडणी बदलते. कॉम्प्युटरवर शेजारी-शेजारी असलेले तीन रकाने फोनवर एकाखाली एक येतात. वर्धा जिल्हा प्रशासनाची वेबसाइट याचं जवळचं उदाहरण. ती एनआयसीच्या 'एसथ्रीवास' या प्लॅटफॉर्मवर आहे आणि देशातल्या अनेक जिल्ह्यांच्या साइट याच साच्यातून तयार झाल्या आहेत.

दुसरा पर्याय फोनसाठी वेगळी साइट काढण्याचा. एकेकाळी हीच पद्धत होती. पण मग प्रत्येक सूचना दोन ठिकाणी टाकावी लागते. जिथे एकच लिपिक किंवा एखादा शिक्षक साइट सांभाळतो, तिथे काही दिवसांतच एक साइट शिळी होते. आज नव्यानं हा मार्ग धरण्यात अर्थ नाही.

मग ॲप?

बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "आपलं ॲप पाहिजे." ॲप काढणं प्रतिष्ठेचं वाटतं, पण २०१५ मध्ये मिंत्रानं वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं होतं आणि २०१६ मध्ये वेबसाइट परत आणावी लागली. फ्लिपकार्टनंही २०१५ मध्येच मोबाइल साइट बंद करून ग्राहकांना ॲपकडे वळवलं आणि त्याच वर्षी 'फ्लिपकार्ट लाइट' आणलं. ते ब्राउझरमध्ये उघडतं, पण ॲपसारखं चालतं. याला प्रोग्रेसिव्ह वेब ॲप म्हणतात. त्याचं चिन्ह फोनच्या स्क्रीनवर ठेवता येतं आणि तशी सोय केली असेल तर नेट नसतानाही काही पानं दिसतात.

एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही गत, तर वर्षातून दोनदा प्रवेशाची तारीख बघायला येणारा पालक शाळेचं ॲप फोनमध्ये कशाला ठेवेल? शिवाय गूगल प्लेवर खातं उघडायला एकदा २५ डॉलर आणि ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर लागतात. पुढची देखभाल वेगळीच. लोक रोज वापरतील असं काही असेल, उदाहरणार्थ पतसंस्थेचे खातेव्यवहार, तरच ॲपचा विचार करावा.

खरी अडचण अनेकदा मजकुरात असते

साइट रिस्पॉन्सिव्ह केली, पण सूचना मात्र शिक्का मारलेल्या कागदाचा स्कॅन करून टाकली, तर फायदा शून्य. पीडीएफमधल्या त्या चित्रातली अक्षरं स्क्रीनप्रमाणे जुळत नाहीत. वाचणारा बोटांनी मोठं करत डावीकडून उजवीकडे सरकत राहतो. दृष्टिहीन व्यक्तीचं स्क्रीन रीडर तर ते वाचूच शकत नाही.

मराठीची आणखी एक जुनी दुखणी आहे: फॉन्ट. कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच साइटवर चिकटवला, तर तो फॉन्ट नसलेल्या फोनवर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये हवा. नाहीतर गूगललाही तो सापडत नाही. गूगल आता शोधासाठी साइटची मोबाइल आवृत्तीच विचारात घेतं, हेही लक्षात ठेवा.

तपासायचं कसं?

गूगलचं 'मोबाइल-फ्रेंडली टेस्ट' हे साधन डिसेंबर २०२३ मध्ये बंद झालं, तरी अनेक लेखांत अजून त्याचंच नाव असतं. 'पेजस्पीड इनसाइट्स' मोफत आहे, ते वापरा. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे ऑफिसचं वायफाय बंद करायचं, स्वस्तातला फोन घ्यायचा आणि संस्थेबाहेरच्या माणसाला तीन गोष्टी शोधायला सांगायच्या: फोन नंबर, कामाची वेळ आणि लागणारी कागदपत्रं. तो शोधत असताना मध्ये बोलायचं नाही. तो जिथे अडेल, तिथूनच दुरुस्तीला सुरुवात करा.