वस्तऱ्याचे वतन

मराठेशाहीतील गोतसभांचे महजर पाहताना मूळ मजकुराइतकेच त्याखालील निशाण्यांकडे माझे लक्ष जाते. लिहिता न येणारे वतनदार आपल्या नावापाशी आपल्या व्यवसायाचे चिन्ह काढून साक्ष घालीत. पाटलाचा नांगर, तसा न्हाव्याचा आरसा. उपजीविका सारी वस्तऱ्यावर, आणि गावच्या दप्तरात ओळख मात्र आरशाची, हे मला मोठे अर्थपूर्ण वाटते. कारण वस्तरा त्याच्या हातात असे, पण आरसा तो समोर बसलेल्याच्या हाती देई आणि आपल्या कामाचा निवाडा त्याच्यावर सोपवी.

गावगाड्यात न्हावकी हे वंशपरंपरेचे वतन होते. बारा बलुत्यांच्या तीन ओळींपैकी बहुधा मधल्या ओळीत तिची गणना होई, आणि सुगीत खळ्यावर कुणब्याकडून मिळणारे धान्य हाच न्हाव्याचा वर्षाचा मेहनताना असे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ही व्यवस्था खिळखिळी झाली असली तरी तिचे सांधे अजून डोळ्यांना दिसत होते. श्मश्रू हे या चाकरीचे केवळ एक अंग. बाळाचे जावळ, मुंजीचे वपन, सुतकातले क्षौर त्याच्यावाचून अडे, लग्नकार्यात तो राबे, आल्यागेल्या पाहुण्याचे अंग रगडी आणि रात्री मशाल धरी. वतनाचे बंधन दुहेरी होते: त्याची घरे दुसऱ्या कोणास घेता येत नसत, आणि त्यालाही ती सोडता येत नसत.

या चाकरीच्या ओझ्याखाली एक अत्यंत नाजूक कारागिरी होती. धोकटीत दोनतीन वस्तरे, कात्री, फणी, चिमटा, नखे काढण्याची नराणी, पाण्याची वाटी, धारेचा दगड आणि चामड्याचा पट्टा, एवढाच सारा संसार. साबणाचा फेस खेडोपाडी पोहोचण्यापूर्वी नुसते पाणी लावून बोटांच्या टोकांनी दाढी इतका वेळ चोळावी लागे की राठ केस मुळाशी मऊ पडावेत. निम्मे कसब या चोळण्यातच असे, कारण पाणी मुरण्याआधी वस्तरा लावणारा नवशिका कातडी सोलल्यावाचून राहत नसे. मग दगडावर पाजवलेला, पट्ट्यावर फिरवलेला वस्तरा, डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणून धरीत, आधी केसांच्या कलाने आणि नंतर उलट दिशेने चाले. हनुवटीखालचा खळगा, गळ्याची घाटी, कानामागचे वळण, यांवर हात किती हलका ठेवावा हे सांगून समजण्यासारखे नव्हते. बापाच्या शेजारी वर्षानुवर्षे बसून पाहिल्यानेच ते मनगटात उतरे. शेवटी तुरटीचा खडा फिरे. ज्याच्या हातातले उघडे पाते अवघा गाव निःशंकपणे गळ्यावर घेई, त्याला त्याच गावच्या मानपानात खालची पायरी मिळावी, हे मनाला लागते.

आपल्या धोकटीतल्याच हत्यारांना अध्यात्माचा अर्थ देऊन, आरशात विवेक आणि चिमट्यात वैराग्य पाहणाऱ्या संत सेना महाराजांनी या व्यवसायाला वारकरी परंपरेत मानाचे स्थान मिळवून दिले. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवरायांवर आलेला सय्यद बंडाचा वार निष्फळ करणारा जिवा महाला आपल्यातला, हे नाभिक समाज आजही अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान यथार्थ आहे.

तथापि या इतिहासात सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट कोणती असेल, तर ती वस्तऱ्याने दिलेला नकार. त्याची दोन रूपे आहेत. साताऱ्यात पैसे देण्याची ऐपत असूनही कोणी न्हावी अस्पृश्यांच्या मुलांचे केस कापीत नसे आणि आपल्या घरी ते काम थोरली बहीण करी, असे बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. हा कलंक आहे, आणि गावाच्या धाकाचे कारण पुढे करून तो पुसता येणार नाही. दुसरा नकार १८९० साली मुंबईत घडला. जोतीराव फुल्यांचे सहकारी व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तेथील न्हावी एकत्र जमले आणि ब्राह्मण विधवांच्या मस्तकाला यापुढे वस्तरा लावणार नाही, असा त्यांनी निर्धार केला. रूढी त्या दिवशी संपली नाही. पण शास्त्रार्थाचे वाद जिच्यापुढे हतबल झाले होते, ती प्रत्यक्ष पार पाडणारा हातच मागे घेतला गेला, आणि तोही स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडून.

हे धैर्य मुंबईत प्रकट झाले, याचे एक कारण मला असे दिसते की तेथे न्हावी रोख पैशाचा कारागीर होता, बलुत्याचा बांधील नव्हता. पुढे शहरांतून केशकर्तनालये उभी राहिली, तेव्हा या बदलाला घर मिळाले: गिऱ्हाईक त्याच्या दारी येऊ लागले, दर भिंतीवर लिहिला गेला. शेंडी आणि घेरा जाऊन डोईभर केस राखण्याची रीत आली, दाढी माणसे घरीच करू लागली, आणि वस्तऱ्याचे प्राधान्य कात्रीकडे गेले. १९५३ साली मुंबई राज्याने गावउपयोगी चाकरीची इनामे कायद्याने रद्द केली. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने जातीच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरविला. त्यानंतरही कित्येक गावांतील दलित माणसे बाजारच्या दिवशी तालुक्याची वाट धरीत, आणि जात न विचारणाऱ्या दुकानात रोख पैसे देऊन केस कापून घेत.