आमचे शॉकअप

मोटारीच्या ज्या भागाला पुस्तकात 'शॉक अ‍ॅब्सॉर्बर' म्हणतात, त्याला आमच्या कन्नडमध्ये 'शॉकअप' म्हणतात. इंग्रजीच्या मास्तरांना हे पटणार नाही, पण मागच्या सीटवर बसणाऱ्याला पटतं. शॉक बसतो आणि माणूस अप जातो. गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला आमचे अण्णा असेच वर गेले. घाबरू नका, टपाला डोकं लागून लगेच खालीही आले. पण खाली आले ते पाठ धरूनच.

अण्णांचं वय ब्याऐंशी. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९९१ साली तेव्हाच्या औरंगाबादच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतलेली. तेव्हापासून दर भाऊबीजेला अण्णा घाट उतरून चाळीसगावला थोरल्या बहिणीकडे, म्हणजे अक्का आत्याकडे जातात. गेल्या वर्षी मात्र परत आल्यावर तीन आठवडे आडवे होते. डॉक्टरांनी बजावलं, "ह्या गाडीत पुन्हा बसायचं नाही." मेव्हण्याची नवी गाडी दारात तयार होती, पण बंद काचांच्या गाडीत अण्णांना मळमळतं. शेवटी ते म्हणाले, "अक्काला कळव, यंदा ओवाळणी पोस्टानं पाठवतो. पुढच्या वर्षी बघू."

अक्काचं वय शहाऐंशी. 'पुढच्या वर्षी' हा शब्द दोघांच्याही वयाला परवडणारा नव्हता. तेव्हा शॉकअप बदलायचे, आणि असे बदलायचे की पुन्हा बदलायला लागू नयेत, असं मी ठरवलं. मी कॉमर्सचा पदवीधर. कर्ज मागायला आलेल्या माणसाची मागची कुंडली बघितल्याशिवाय मी पुढचा कागद उघडत नाही. शॉकअपचीही बघितली.

ही कुंडली आमच्या घरात अक्काच्या लग्नापासून सुरू होते. साल १९५७. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना होईपर्यंत आमच्या घाटाच्या वर हैदराबाद राज्य आणि घाटाखाली मुंबई राज्य होतं. घाटाला नाव मात्र तिसऱ्याचंच, १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रम साहेबाचं. त्याचा आमच्या तोंडात 'औट्रम घाट' झाला. अक्का ह्या घाटातून बैलगाडीनं सासरी उतरली. बैलगाडीला स्प्रिंग नाही, पाटा नाही. दगडाकडून चाकाला, चाकाकडून आसाला आणि आसाकडून नवरीच्या मणक्याला, असा धक्का मधल्या दलालाशिवाय थेट पोचायचा. चौदा वर्षांचे अण्णा गाडीमागून चालत होते. अक्का म्हणते, "मी रडत होते ते माहेर सुटलं म्हणून, असं सगळ्यांना वाटलं. निम्मं रडू गाडीचं होतं."

तिकडे विलायतेत घोडागाड्यांना एकोणिसाव्या शतकाच्या सुरवातीलाच कमानदार पाटे बसले होते. आपल्या टांग्यालाही पुढे ते आले. पण पाट्याचा स्वभाव मुदत ठेवीसारखा असतो. दिलेला धक्का तो मोडून खात नाही, जपून ठेवतो आणि जवळजवळ पूर्ण परत करतो. घोड्याच्या चालीला हे चालून गेलं. मोटार आली, वेग वाढला, आणि एका खड्ड्याचं देणं फिटायच्या आत दुसरा खड्डा वसुलीला येऊ लागला. म्हणजे नाव जरी धक्काशोषकाचं असलं तरी धक्का झेलतो पाटाच. शॉकअपचं खरं काम नंतरचं, पाट्याला आवरायचं आणि 'झालं ते झालं' म्हणायचं.

हे काम पहिल्यांदा ज्यांना सांगितलं ते स्वभावानं कडक होते. फ्रान्सच्या त्रुफोची कल्पना घेऊन अमेरिकेत हार्टफर्डनं विसाव्या शतकाच्या आरंभी जो शॉकअप विकला, त्यात चकत्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या असत. घर्षणावर सगळा कारभार. मोठा धक्का बरा आवरायचा, पण लहान धक्क्यालाही तोच नियम लावायचा. असे अधिकारी मी नोकरीत बघितले आहेत. लाखाचं कर्ज आणि दहा रुपयांची फाटकी नोट ह्यांना ते सारखाच विरोध करतात आणि लवकर झिजतात.

मग क्लीव्हलँडच्या क्लॉड फोस्टरनं पट्ट्याचा 'गॅब्रिएल स्नबर' काढला. पाटा दबताना पट्टा आड येत नसे, उसळी मारायला लागला की मागून धरून ठेवी. फोस्टरनं ह्यात रग्गड पैसा मिळवला आणि १९५२ साली त्यातला बहुतेक निरनिराळ्या संस्थांना वाटून टाकला. मुदत ठेवीवर अर्धा टक्का जादा मागणारे लोक रोज बघणाऱ्या मला हा भाग दोनदा वाचावा लागला. त्याच गॅब्रिएलचं नाव घेऊन १९६१ साली मुंबईत मुलुंडला गॅब्रिएल इंडिया कंपनी निघाली. जवळच कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात फियाट बनत होती. तीच १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. पुढं स्प्रिंगा, मागं पाटे आणि चार कोपऱ्यांत चार शॉकअप. कारखान्यातून पद्मिनी निघायची थांबून आता पंचवीसेक वर्षं झाली, आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आमची राहिली.

पण खरी अक्कल आली ती तेलानं. मॉरिस उदाय ह्या फ्रेंच माणसानं १९०८ च्या सुमाराला तेलाच्या शॉकअपचं पेटंट घेतलं, आणि आज आपण बघतो तो नळीसारखा शॉकअप १९३० नंतर रुळला. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. सावकाश दाबलं तर तेल गुमान पलीकडं जातं, घाईनं दाबलं तर अडतं. धक्क्याचा सगळा जोर त्या भोकांतून जाताना नुसता गरम होऊन विरतो. हे वाचल्यावर मी चमकलो, कारण हे यंत्र मी रोज चालवतो. पगाराच्या दिवशी दोनशे माणसं, खिडकी एक. हळू येणाऱ्याचं काम लगेच होतं. धावत येणारा अडतो, गरम होतो आणि बाहेर पडेपर्यंत निवतो. फरक इतकाच, की शॉकअपबद्दल कुणी वरिष्ठांकडे तक्रार करत नाही.

एवढं ज्ञान घेऊन मी शहरात खरेदीला गेलो. एका दुकानात जुने शॉकअप कापून, नवं सील नि तेल भरून, वेल्डिंग करून मिळत होते. स्वस्त, पण वेल्डिंगची रेघ बघूनच माझी पाठ दुखली. दुसऱ्यानं दुसऱ्याच गाडीचे गॅसचे शॉकअप पुढं केले. म्हणाला, "लाइफटाइम!" कुणाची लाइफ ते नाही सांगितलं. टेपनं मोजले तर मिटल्यावरसुद्धा दोन बोटं लांब. म्हणजे पाटा पुरता दबायच्या आत शॉकअपच तळाला आपटणार. तिसरीकडे पद्मिनीचेच चार नग निघाले, खोक्यात वर्षानुवर्षं पडून असलेले. तेच घेतले आणि विजयी मुद्रेनं कन्नडला चाचांच्या गॅरेजात नेले.

चाचांनी शॉकअप उभा धरून हातपंपासारखा आठ-दहा वेळा दाबला. "आडवा पडून होता साहेब. पोटात हवा शिरते." हवा निघून हाताला सारखा जोर लागेपर्यंत त्यांनी प्रत्येक नगाला व्यायाम दिला. मग कानातला रबरी बुश नखानं दाबला. बुश बिस्किटासारखा तुटला. "शॉकअप नवा, रबर म्हातारं." नंतर ते गाडीखाली गेले आणि तिथूनच ओरडले, "मागचा एक पाटा तुटलाय. पाटा आपटू नये म्हणून असतं ते रबर तर जागेवरच नाही. ह्याला नवीन शॉकअप म्हणजे मेलेल्या म्हशीला नवी घंटी!"

"पण टिकणारे कुठले घेऊ, तेवढं सांगा ना," मी काकुळतीला आलो.

"साहेब, टिकतो तो शॉकअप नाही, बाजूचा माल. पाटा मेला की त्याचं काम शॉकअप करतो, आणि त्यातच तो मरतो."

मला एकदम घसारा आठवला. यंत्राची किंमत दर वर्षी कमी धरायची, हे कॉलेजात शिकलो होतो. पण एकाचा घसारा शेजाऱ्याच्या खात्यावर पडतो, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. घरात मात्र होतं. आईच्या माघारी अण्णांना सांभाळताना आमच्या हिची पाठ कधी दुखायला लागली, हे मी तोवर विचारलं नव्हतं. त्या रात्री विचारलं.

पाटा नवा टाकला. बुश, आपटरबरं नवी आली. शॉकअप जोडीनं बदलले. बुशांचे नट गाडी जमिनीवर टेकवून, तिचं वजन चाकांवर आल्यावरच आवळले. लटकत्या गाडीला आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, असं चाचांचं म्हणणं. शेवटी त्यांनी मडगार्ड जोरात दाबून सोडलं. गाडी एकदा वर आली आणि जागेवर थांबली.

यंदाच्या भाऊबीजेला डॉक्टरांचा सल्ला, माझा पट्टा आणि हिची उशी, असे तिघांना पाठीशी घेऊन अण्णा बसले. घाटात २०२१ च्या ऑगस्टअखेरीला दरडी कोसळल्या होत्या. तो टापू मी जीव मुठीत धरून, दुसऱ्या गिअरात उतरलो. खाली आल्यावर अण्णा म्हणाले, "गेल्या वर्षीचा तो खड्डा बुजवलेला दिसतोय."

खड्डा तिथंच होता. मी काही बोललो नाही.

ओवाळून झाल्यावर अक्का काठी टेकत अंगणात आली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. "अण्णा, तुझी पाठ खरंच दुखली नाही?"

"नाही."

"मग थांब, लुगडं बदलते. सहा वर्षं झाली माहेर बघून."

परतीला मागच्या सीटवर दोघं शेजारी होती. घाट चढताना अक्का १९५७ च्या बैलगाडीतला प्रत्येक दगड मोजून दाखवत होती आणि अण्णा तिला दुरुस्त करत होते.

त्या रात्री मी खर्चाच्या वहीत चारी शॉकअप, पाटा, बुश आणि चाचांची मजुरी 'दुरुस्ती' ह्या सदराखाली मांडली. सकाळी बघितलं तर अण्णांनी ते सदर खोडून वर थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'ओवाळणी'.