भोपाळच्या फौजखर्चाची कुळकथा

दोराहा हे आज सिहोर जिल्ह्यात असलेलं गाव. मराठी वाचकाला ते एका तहामुळे ठाऊक असतं. डिसेंबर १७३७मध्ये बाजीरावांनी निजामाला भोपाळात कोंडलं. ७ जानेवारी १७३८ला इथेच त्याने माळव्याचा हक्क आणि फौजखर्चापोटी पन्नास लाख रुपये मिळवून देण्याचं कबूल केलं.

ऐंशी वर्षांनी दोराहा पुन्हा एका फौजखर्चात आलं. २६ फेब्रुवारी १८१८ला रायसेनला नवाब नझर मुहंमद खान आणि कंपनी सरकार यांचा तह झाला. नवाबाने ६०० स्वार आणि ४०० पायदळ कंपनीच्या कामासाठी उभं करायचं होतं. या फौजेला 'कंटिंजंट' म्हणत. तिला तैनाती फौज म्हणणं बरोबर नाही. तैनाती फौज कंपनीची असे आणि तिच्या खर्चासाठी संस्थानिक पैसा किंवा मुलूख देई. वसईच्या तहात पेशव्यांनी मुलूख दिला होता. भोपाळात उलट झालं. खर्च पेलावा म्हणून कंपनीनेच आष्टा, इछावर, सिहोर, दोराहा आणि देवीपुरा हे पाच महाल नवाबाला दिले.

सिहोरला या फौजेची छावणी पडली, पोलिटिकल एजंटही तिथेच राहिला आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा चालू लागला. पुढे शिपायांऐवजी रोकड ठरली, वर्षाला सुमारे १.६ लाख रुपये. मला या बदलाचं महत्त्व मोठं वाटतं. स्वार कमी-जास्त झाले तर तक्रार होई, पण रोख हप्ता पावसाने दगा दिलेल्या वर्षीही तितकाच द्यावा लागे.

ही रक्कम नियमाने भरता येईल असा खजिना भोपाळच्या सिकंदर बेगमने घडवला. १८४७पासून कारभार हाती आल्यावर तिने सारा मक्त्याने देणं बंद करून गावच्या मुखियांशी थेट ठराव केले, जमिनीची मोजणी करवली आणि संस्थानाचं कर्ज फेडलं. शेतकरी आणि खजिना यांच्यामधला मक्तेदारच तिने बाजूला केला. भोपाळच्या इतिहासात बेगमांच्या दानधर्माचं कौतुक होतं, पण मला हे हिशेबाचं काम त्याहून मोठं वाटतं.

१८५७मध्ये सिहोरची फौज उठली आणि जानेवारी १८५८मध्ये इंग्रज सेनानी ह्यू रोजने उठावकऱ्यांना गोळ्या घातल्या. बेगम इंग्रजांच्या बाजूने राहिली. १८६०मध्ये तिला धारच्या पवारांकडून काढून घेतलेला बेरासिया परगणा मिळाला. फौज मोडली, तिच्या जागी १८५९मध्ये 'भोपाळ लेव्ही' उभी राहिली आणि भोपाळचा वार्षिक हप्ता तसाच चालू राहिला.